कॉलसाईनची कमाल लांबी किती धरायची? सहा, सात, आठ, अकरा...

आळशी_लॉगर

मंडळी, प्रश्न बाळबोध आहे, पण दोन दिवस डोकं खातोय.

आमच्या हौशी रेडिओ गटाच्या छोट्याशा कॉन्टेस्टचे लॉग (कोण कुणाशी बोललं त्या नोंदी) गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी घाईघाईत एक वेबफॉर्म बनवला आणि कॉलसाईनच्या, म्हणजे केंद्राच्या ओळखचिन्हाच्या, खान्याला सहा अक्षरांची मर्यादा घातली. डोळ्यासमोर नेहमीचा साचा होता: देश दाखवणारा दोन अक्षरी प्रीफिक्स, एक आकडा, शेवटी तीन अक्षरी सफिक्स. व्हीयू२ आणि पुढे तीन, जेए१ आणि पुढे तीन. झाले सहा.

पहिल्याच दिवशी तीन तक्रारी आल्या. एकाचं कॉलसाईन मुळातच सात अक्षरी, दुसऱ्याच्या शेपटीला स्लॅश पी (फिरत्या केंद्राची खूण), आणि तिसरा कुठल्याशा वर्धापनदिनाच्या खास स्टेशनवरून बोलणारा. मी मुकाट्याने आठ केले. काल दहा अक्षरांवाला आला.

आता बारा करू, पंधरा करू, की खाना मोकळाच सोडून देऊ? नियमांत कुठे तरी आकडा लिहिलेला असेलच ना?

(इथे कॉलसाईन उच्चाराप्रमाणे लिहितोय. लांबी मोजताना मूळ रोमन अक्षरं मोजा, नाहीतर एकटा डब्ल्यूच अर्धा खाना खाईल.)

खरखर

वीस ठेव आणि झोप.

लघुलहर

खरखर यांचं उत्तर व्यवहारी आहे, पण विचारलंच आहे तर नियम सांगते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत एकोणिसावं कलम ओळखचिन्हांचं आहे. हौशी केंद्रांचा साचा १९.६८ मध्ये दिलाय. आधी एक किंवा दोन अक्षरं, मग एकच आकडा, मग जास्तीत जास्त चार चिन्हं, आणि त्यातलं शेवटचं अक्षरच हवं, आकडा चालत नाही. म्हणजे दोन, एक आणि चार मिळून सात. नेहमीच्या कॉलसाईनची कमाल मर्यादा सात आहे, सहा नाही.

सुरुवातीला एकच अक्षर असेल तर ते बी, एफ, जी, आय, के, एम, एन, आर किंवा डब्ल्यू यांपैकीच हवं. या अक्षरांची अख्खी मालिका एकाच देशाकडे आहे, म्हणून एका अक्षरात देश ओळखता येतो.

भोंगा

चार कुठून आणले? तीनच असतात. मी इतक्या वर्षांत चार अक्षरी सफिक्स ऐकलेला नाही.

लघुलहर

@भोंगा, ऐकला नसेल, पण आहे. ऑस्ट्रेलियात २००५ पासून फाउंडेशन परवान्याला चार अक्षरी सफिक्स देत होते, आणि त्यातलं पहिलं अक्षर एफ. व्हीके२ आणि पुढे एफएबीसी अशा धाटणीचं. सात अक्षरं, तात्पुरतं वगैरे काही नाही, माणसाचं रोजचं कॉलसाईन.

ठिपकारेघ

आणि ते दहा अक्षरांवालं कसं बसतं मग?

लघुलहर

त्याला २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत वेगळी पळवाट मिळाली, १९.६८ए. विशेष प्रसंगी, तात्पुरत्या वापरासाठी, देशाचं प्रशासन चारहून जास्त चिन्हांचा सफिक्स देऊ शकतं. 'जास्त' म्हणजे किती ते लिहिलेलं नाही.

@आळशी_लॉगर, तुमचं उत्तर इथेच आहे. वरची मर्यादा नियमातच नाही.

तिरकी_अँटेना

इथे एक गंमत. वायडब्ल्यू१८फिफा हे व्हेनेझुएलाच्या प्रीफिक्सचं उदाहरण एफटी८ या डिजिटल पद्धतीच्या कागदपत्रांत नेहमी येतं. आपण ते 'वायडब्ल्यू, अठरा, फिफा' असं वाचतो. नियम तसं वाचत नाही. नियमाच्या लेखी वायडब्ल्यू हा प्रीफिक्स, १ हा वेगळा करणारा आकडा, आणि '८फिफा' हा पाच चिन्हांचा सफिक्स. पाच झाले की चारच्या बाहेर, म्हणून ते तात्पुरत्या खात्यात.

भोंगा

हीच ती फॅशन. परवानगी मिळतेय ना, मग घाला वर्ष, घाला संस्थेचं नाव, घाला घोषवाक्य. पाइल-अपमध्ये (एकाच केंद्राला अनेकजण एकदम बोलावतात तेव्हा) असला मालगाडीचा डबा आला की अर्धा मिनिट निव्वळ ओळख पटवण्यात जातो. कॉलसाईन ओळखीसाठी असतं, जाहिरातीसाठी नव्हे.

ठिपकारेघ

असहमत. खास कॉलसाईनमुळेच बँडवर चार दिवस जान येते. आणि छोटी खास कॉलसाईनही असतात की. अमेरिकेत एक अक्षर, एक आकडा, एक अक्षर अशी तीन चिन्हांची मिळतात, के१ए धाटणीची. सुरुवातीला के, एन किंवा डब्ल्यू, मध्ये दहांपैकी एक आकडा, शेवटी एक्स सोडून पंचवीस अक्षरं. तीन गुणिले दहा गुणिले पंचवीस, सातशे पन्नास. सगळी आळीपाळीने फिरतात.

खरखर

एक्सने काय घोडं मारलंय?

ठिपकारेघ

तिकडे आकड्यानंतर लगेच एक्स आला की ते प्रायोगिक केंद्र समजतात.

आजोबा_सेव्हन्टीथ्री

तुम्ही सगळे अक्षरं मोजताय. मोर्सवाल्याला अक्षरं मोजून चालत नाही, वेळ मोजावा लागतो.

हिशेब करा. ठिपका एक एकक, रेघ तीन, अक्षराच्या आतल्या फटीला एक, दोन अक्षरांमधल्या फटीला तीन. ई म्हणजे एक एकक. पाच हा आकडा नऊ एकक, शून्य एकोणीस. आता तीन प्रीफिक्स घेऊ, तिन्ही तीन-तीन चिन्हांचे. स्पेनचा ईए५ होतो २१ एककांचा. भारताचा व्हीयू२ होतो ३७. जॉर्डनचा जेवाय१ होतो ४९. मिनिटाला वीस शब्दांच्या वेगाने ठिपका ६० मिलिसेकंदांचा पडतो, म्हणजे पहिला सव्वा सेकंदात संपतो आणि तिसऱ्याला जवळजवळ तीन सेकंद लागतात. लांबी कागदावर एकच.

माझ्या वाट्याला जड आकडा आणि सफिक्समध्ये दोन रेघाळ अक्षरं आली. चाळीस वर्षं ती वाजवून मनगट तयार झालंय, पण कॉन्टेस्टमध्ये शेजारचा ई-टी-आय वाला माझं अर्धं कॉल होईतो दोनदा बोलावून मोकळा होतो. तक्रार नाही. असो.

तिरकी_अँटेना

आजोबा, जेवाय१ मुद्दाम काढलंत ना? :)

बाकीच्यांसाठी: जेवाय१ हा नुसता प्रीफिक्स नव्हे, ते जॉर्डनचे राजे हुसेन यांचं पूर्ण कॉलसाईन होतं. सफिक्स नाहीच. १९.६८ च्या साच्यात न बसणारं, तीन चिन्हांत संपणारं. @आळशी_लॉगर, कमाल लांबीच्या नादात किमान लांबी विसरू नकोस. तुझ्या फॉर्मने राजालाही 'कॉलसाईन अपूर्ण आहे' असं सुनावलं असतं.

आळशी_लॉगर

सुनावलं असतंच. किमान चार ठेवलं होतं. :(

मुकी_मोर्सकी

सहा अक्षरांची सवय आली कुठून? पूर्वी तर देशाचं अक्षरही नसायचं ना?

आजोबा_सेव्हन्टीथ्री

नसायचं. नोव्हेंबर १९२३ मध्ये अटलांटिकपार पहिला दुतर्फा हौशी संपर्क झाला तेव्हा फ्रान्सच्या बाजूला होतं ८एबी आणि अमेरिकेच्या बाजूला १एमओ. आकडा आणि अक्षरं, बस्स. देशाच्या आत तेवढं पुरत होतं. समुद्र ओलांडल्यावर पंचाईत, कारण दोन देशांत एकच कॉलसाईन असू शकत होतं. मग १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने देशांचे प्रीफिक्स हौशींनाही लावले. १एडब्ल्यूचं डब्ल्यू१एडब्ल्यू झालं ते त्यानंतरच. त्या काळी पोरं म्हणाली असतील, एवढं लांब कशाला!

भोंगा

माझ्यावर रोख दिसतोय. :)

आजोबा_सेव्हन्टीथ्री

तुझ्यावर नाही रे. माझ्या मनगटावर.

लघुलहर

मोर्सचा खर्च वेळेत मोजतात, तसा डिजिटलचा बिटांत मोजतात. आणि सहाची सवय पक्की केली ती डिजिटलनेच. मी फर्मवेअर लिहिते, त्यामुळे या विषयावर जरा लांबण लावणार आहे, माफ करा.

पॅकेट रेडिओचा, म्हणजे रेडिओवरून डेटाचे तुकडे पाठवण्याचा, एएक्स.२५ प्रोटोकॉल घ्या. केंद्रांची ठिकाणं नकाशावर दाखवणारं एपीआरएस आजही त्यावरच चालतं. त्यात पत्त्याला सात बाइट. त्यातले सहा कॉलसाईनचे, सातव्यात एसएसआयडी, म्हणजे एकाच माणसाची केंद्रं वेगळी ओळखायचा आकडा, शून्य ते पंधरा. सातवं अक्षर ठेवायला जागाच नाही. स्लॅशचं तर नावच नको.

डी-स्टार या डिजिटल आवाजाच्या पद्धतीत आठ जागा आहेत, पण आठवी रिपीटरच्या (संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्राच्या) मॉड्यूलच्या अक्षरासाठी धरलेली, म्हणजे हाती सातच. तशाच दुसऱ्या पद्धतीच्या, एम१७ च्या लोकांनी ४८ बिट घेतले आणि चाळीस चिन्हांची वर्णमाला केली. चाळीसचा नववा घात ४८ बिटांत मावतो, दहावा मावत नाही. म्हणून नऊ.

एफटी८ चा हिशेब मला सगळ्यात आवडतो. संदेश ७७ बिटांचा, त्यात प्रत्येक कॉलसाईनला २८. साचा असा: पहिली जागा अक्षर, आकडा किंवा मोकळी, म्हणजे ३७ शक्यता. दुसरी ३६. तिसरी फक्त आकडा, १०. पुढच्या तीन जागा अक्षर किंवा मोकळी, प्रत्येकी २७. गुणाकार येतो २६,२१,७७,५६०. आणि २८ बिटांत मावतात २६,८४,३५,४५६. उरले ६२,५७,८९६. ही शिल्लकही वाया घालवलेली नाही. सीक्यूसारखे ('कुणी आहे का' अशी हाक) ठरीव शब्द तिथेच आहेत, आणि उरलेल्या ४१,९४,३०४ जागा, म्हणजे बरोबर २२ बिट, लांब कॉलसाईनच्या हॅशला. एकही जागा मोकळी राहत नाही.

मुकी_मोर्सकी

हॅशला म्हणजे? लांब कॉलसाईन जातं तरी कसं मग?

लघुलहर

एकदा पूर्ण जातं. त्यासाठी संदेशाचा वेगळा प्रकार आहे, त्यात ५८ बिट राखलेत. अक्षरं, आकडे, स्लॅश आणि मोकळी जागा मिळून ३८ चिन्हं. ३८ चा अकरावा घात ५८ बिटांत बसतो, बारावा बसत नाही. म्हणून अकरा अक्षरं. पण त्याच संदेशात दुसऱ्याचं पूर्ण कॉलसाईन मावत नाही, त्याचा १२ बिटांचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला छोटा आकडा, जातो. पुढच्या संदेशांत तुमचं लांब कॉलसाईन हॅशरूपाने जातं आणि ऐकणाऱ्याच्या पडद्यावर टोकदार कंसात दिसतं. त्याने ते आधी पूर्ण ऐकलेलं नसेल तर कंसात नुसते तीन ठिपके.

ठिपकारेघ

हां! ते तीन ठिपके! मी दोन महिने समजत होतो की माझा रिसीव्हर बिघडलाय. केबल बदलली, कनेक्टर पुन्हा डाखवले.

खरखर

कनेक्टर डाखवणं कधीच वाया जात नाही.

तिरकी_अँटेना

@लघुलहर, त्या २८ बिटांच्या साच्यात एस्वातिनीचं ३डीए० कसं बसवलंय? तिथे आकड्याआधी तीन चिन्हं येतात.

(३डी ही मालिका दोन देशांत वाटलेली आहे. ३डीए ते ३डीएम एस्वातिनीकडे, पुढची फिजीकडे. अशा अर्ध्या मालिकेत देश ओळखायला तीन चिन्हं लागतात, म्हणून सफिक्स तीनवर आणलाय. बेरीज पुन्हा सातच.)

लघुलहर

चक्क जुगाड आहे. ३डीए० आलं की आतल्या आत त्याचं ३डी० करतात, एक अक्षर वाचतं, आणि पलीकडे उलगडताना परत ए घालतात. गिनीचं ३एक्स आणि पुढे अक्षर अशी कॉलसाईन आली की ३एक्सच्या जागी क्यू ठेवतात. क्यूने कुणाचाच प्रीफिक्स सुरू होत नाही, कारण क्यू-संकेत (ठरीव अर्थाचे तीन अक्षरी संकेत) त्याच अक्षराने सुरू होतात. क्यूआरएम, क्यूएसबी वगैरे. मोकळं अक्षर सापडलं, गिनीला देऊन टाकलं.

व्हीके२ च्या त्या चार अक्षरी सफिक्सवाल्यांसाठी मात्र असा कोपरा उरला नव्हता. पुढे त्यांना तीन अक्षरी सफिक्स खुले झाले त्यामागे ही डिजिटल अडचणही होती.

भोंगा

म्हणजे सॉफ्टवेअरला जमत नाही म्हणून माणसांनी नाव बदलायचं.

लघुलहर

पहिल्यांदाच तुमच्याशी पूर्ण सहमत.

आळशी_लॉगर

धागा भन्नाट चाललाय, पण मी घामाघूम आहे. आत्ता एक गोष्ट लक्षात आली.

मी फॉर्मची मर्यादा सहावरून आठ केली. डेटाबेसमधला रकाना सहाचाच राहिला. डेटाबेस जुन्या सेटिंगवर आहे, जास्तीचं अक्षर आलं की चूक दाखवत नाही, गुपचूप कापतो. व्हीके२ नंतर एफएबीसी धाटणीचं जे सात अक्षरी कॉलसाईन होतं, त्याचं शेवटचं अक्षर उडालं. जे उरलं तेही पूर्णपणे वैध कॉलसाईन आहे. साचा बरोबर, देश बरोबर, माणूस दुसरा. त्या दुसऱ्या माणसाच्या नावावर अठ्ठेचाळीस गुण लागलेत आणि त्याने कॉन्टेस्टमध्ये भागच घेतलेला नाही.

लघुलहर

हेच सांगायला मी इतकं लिहीत होते. लांब कॉलसाईन नाकारलं तर माणूस तक्रार करतो, निदान कळतं. कापलं तर काहीच कळत नाही. एपीआरएसच्या सहा जागांत सात अक्षरी कॉलसाईन कोंबलं तरी हेच होतं, नकाशावर भलताच माणूस फिरताना दिसतो.

मुकी_मोर्सकी

अठ्ठेचाळीस गुण फुकटात. मलाही कापा.

तिरकी_अँटेना

आता वैधता तपासायचा मुद्दा. 'पहिला आकडा सापडला की तिथे प्रीफिक्स संपला' असं लिहिलं असशील तर तेही तपास. बांगलादेशचा प्रीफिक्स एस२, त्यामुळे तिथली कॉलसाईन एस२१ अशी सुरू होतात. पहिला आकडा प्रीफिक्सचा, दुसरा वेगळा करणारा. ब्रिटनची २ई० वाली तर आकड्यानेच सुरू होतात. उलटं टोक पकडून 'शेवटचा आकडा' शोधलास तर सफिक्समध्ये आकडे असलेली खास कॉलसाईन फसतात.

लघुलहर यांनी वर दिलेली नऊ अक्षरं इथे कामाला येतात. पहिलं चिन्ह त्या नऊंपैकी आणि दुसरं आकडा, तर तोच वेगळा करणारा. एस त्या यादीत नाही, म्हणजे एस२ हा जोड प्रीफिक्सच, पुढचा आकडा बघ.

आणि कुठलाही आकडा प्रदेश दाखवतो असं धरू नकोस. जपानच्या कांतो भागातली नेहमीची मालिका पुरेना तेव्हा ७के१ ते ७एन४ उघडली. त्यात २, ३, ४ आले तरी माणूस कांतोचाच.

आळशी_लॉगर

तपासणी सुधारतोय. पण पायथनमध्ये आणखी एक भूत सापडलं. दोन नोंदी डोळ्यांना तंतोतंत सारख्या, पण प्रोग्राम म्हणतो वेगळ्या. तासभर डोकं आपटल्यावर कळलं: एकाने फोनच्या मराठी कीबोर्डवरून मधला आकडा देवनागरी २ टाकलाय. माझ्या पडद्यावरच्या बारीक अक्षरांत फरकच दिसला नाही. आणि माझ्या रेगेक्समधल्या (साचा तपासणाऱ्या सूत्रातल्या) बॅकस्लॅश डीने तो आनंदाने आत घेतला!

लघुलहर

घेणारच. पायथन ३ मध्ये बॅकस्लॅश डी म्हणजे युनिकोडमधला कुठलाही दशमान अंक, देवनागरीसकट. शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहा, आणि आधी देवनागरी अंक रोमन करून घ्या. माणसाची चूक नाही त्यात.

आजोबा_सेव्हन्टीथ्री

शून्यावर तिरकी रेघ मारणारेही येतील. आम्ही हाताने लिहिताना ओ आणि शून्य वेगळं कळावं म्हणून रेघ मारायचो. आता लोक त्या जागी स्कँडिनेव्हियन अक्षर चिकटवतात.

आळशी_लॉगर

आलेत आजोबा. दोन.

ठिपकारेघ

स्लॅशचं काय ठरलं? मूळ प्रश्न तिथेच लटकलाय. २०१८ च्या बेकर बेटाच्या मोहिमेचं कॉलसाईन केएच१/केएच७झेड होतं, स्लॅश धरून आठ. पुढे देशाचा प्रीफिक्स, मध्ये आपलं कॉलसाईन, मागे पी, गाडीत असाल तर एम किंवा जहाजावर असाल तर एमएम.

तिरकी_अँटेना

सगळ्यात वाईट प्रसंग धरू. पुढे ३डीए० आणि स्लॅश, पाच. मध्ये सात अक्षरी, बारा. मागे स्लॅश आणि क्यूआरपी, सोळा. क्यूआरपी (कमी शक्तीचं केंद्र) अधिकृत शेपूट नाही, पण लोक लावतात. खास कॉलसाईन असेल तर त्याच्याही पुढे.

खरखर

वीस. दुसऱ्या प्रतिसादात सांगितलं होतं.

आळशी_लॉगर

मान्य. फॉर्ममध्ये वीस, डेटाबेसमध्ये चाळीस, सेटिंग कडक. साच्यात न बसणारं कॉलसाईन नाकारणार नाही, फक्त माझ्यासाठी पिवळ्या रंगात दाखवेन. व्हीके२ वाल्याला त्याचे गुण परत दिले, दुसऱ्याची माफी मागितली. तो म्हणाला, मला वाटलं झोपेत खेळलो.

आळशी_लॉगर

शेवटचं अपडेट. आज एका गटाची मेल आली: आम्ही चौघं होतो, यादीत तिघंच का?

त्यांनी चारही कॉलसाईन स्वल्पविराम देऊन एकाच खान्यात चिकटवली होती. सहा-सहा अक्षरांची तीन आणि दोन स्वल्पविराम, बरोब्बर वीस. ब्राउझरने चिकटवताना पुढचं सगळं गुपचूप कापलं. चौथ्याचा मागमूस नाही, कापल्याची खूणही नाही.

लघुलहर

फॉर्मच्या खान्याचा मॅक्सलेंग्थ (लांबीची मर्यादा) काढा. आत्ता.

खरखर

वीसचा शब्द मागे घेतो.